नव्या मराठी नाटकासाठी खासगी प्रतिष्ठानाचा निधी: इंदूरच्या नाट्यमंडळांनी काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करावे

इंदूरला नाटकाचा प्रेक्षक आहे. सानंद या इथल्या संस्थेचे प्रयोग सभासदांनी भरतात, मुंबई-पुण्याची नाटके येतात-जातात. गाडी अडते ती इथल्या लेखकाने लिहिलेल्या आणि इथल्याच नटांनी बसवलेल्या नव्या नाटकापाशी. त्याचा खर्च अजून पदरमोड, वर्गणी आणि स्मरणिकेतल्या जाहिरातींवरच निघतो. असा खर्च उचलणारी खासगी प्रतिष्ठाने देशात आहेत, पण छोट्या मंडळांचे अर्ज तिथे मागे पडतात. नाटक वाईट असते म्हणून नव्हे. पैसा कुणी घ्यायचा, कोणत्या कागदावर घ्यायचा आणि नेमका कशासाठी, हे अर्ज लिहायला बसेपर्यंत ठरलेलेच नसते.

नोंदणीपासून सुरुवात असेल तर पैसा हातात पडेपर्यंत दीड वर्ष धरा. कागद तयार असतील तरी अर्ज, छाननी, मुलाखत आणि विश्वस्तांची बैठक यांत पाच-सहा महिने सहज जातात. दिवाळीनंतर प्रयोग लावायचा आणि गणपतीत अर्ज करायचा, हे जमणार नाही.

१. आधी खाते ठरवा

वाटा तीन आहेत.

पहिली, व्यक्तीच्या नावाने. लेखक किंवा दिग्दर्शक स्वतः अर्ज करतो. पॅन, बँक खाते आणि आजवरच्या कामाचा पुरावा एवढ्यावर भागते. संस्थेची नोंदणी लागत नाही. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला हीच वाट सोयीची. मात्र पैसा त्याच्या वैयक्तिक खात्यात येतो आणि त्याच्या आयकर विवरणात दिसतो. मंडळातल्या बाकीच्यांना 'त्याला पाच लाख मिळाले' एवढेच कळते आणि तालमीत कुजबुज सुरू होते. म्हणून अर्जाच्या आधीच एका पानावर लिहून काढा: रक्कम कशावर खर्च होणार, कुणाला किती मानधन, हिशेब कोण ठेवणार. सगळ्यांच्या सह्या घ्या. या कामासाठी वेगळे बचत खाते उघडले तर उत्तम.

दुसरी, संस्थेच्या नावाने. उद्योगसमूहांचा सीएसआर निधी (कंपन्यांना कायद्याने समाजकार्यावर खर्च करावा लागणारा पैसा) आणि बहुतेक कौटुंबिक न्यास संस्थेलाच पैसा देतात. त्याचे कागद पुढच्या दोन पावलांत आहेत.

तिसरी, ओळखीच्या जुन्या संस्थेच्या नोंदणीवर पैसा घेणे. हे तोंडी ठरवू नका. पैसा त्या संस्थेचा, खर्चाची जबाबदारी तिची आणि ऑडिटही तिचे, हे देणाऱ्याला अर्जातच सांगा. त्या संस्थेकडे विदेशी निधी असेल तर तो तुमच्या मंडळाला देताच येत नाही; एफसीआरए, म्हणजे विदेशी अंशदानाच्या कायद्यात, २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने एका संस्थेकडून दुसरीकडे विदेशी अंशदान वळवण्यावर बंदी आली आहे.

२. संस्थेचे कागद

मध्य प्रदेशात नाट्यमंडळे बहुधा मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली नोंदलेली असतात. किमान सात सदस्य लागतात आणि काम फर्म्स व संस्थांच्या पंजीयकाकडे (रजिस्ट्रारकडे) चालते. ग्वाल्हेरला कायदा हाच. वडोदऱ्याला मात्र सार्वजनिक विश्वस्त कायदा आणि चॅरिटी कमिशनर, त्यामुळे तिथल्या मित्राचा फॉर्म मागवून भरू नका.

गोळा करायचे कागद:

- पंजीयन प्रमाणपत्र, ज्ञापन आणि नियमावली
- कार्यकारिणीची चालू यादी (धारा २७) आणि वार्षिक हिशेब (धारा २८) भरल्याच्या पावत्या
- संस्थेचे पॅन. दोन सह्यांनी चालणारे बँक खाते
- तीन वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद
- नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक
- आयकर सुटीच्या नोंदणीचे, म्हणजे १२एबी आणि ८०जीचे आदेश (पुढचे पाऊल बघा)
- अर्ज करण्याचा कार्यकारिणीचा ठराव, सही करणाऱ्याच्या नावासह

धारा २७ ची यादी वार्षिक सभेनंतर ४५ दिवसांत द्यायची असते. इथेच सगळ्यात जास्त मंडळे अडकतात. अध्यक्ष वारलेले, सचिव पुण्याला मुलाकडे गेलेले, आणि पंजीयकाच्या नोंदीत अजून त्यांचीच नावे. बँकेतही सही त्यांचीच. अशा वेळी अर्ज थांबवून आधी सभा बोलवा, नवी कार्यकारिणी नोंदवा, मग पुढे चला.

दुसरा घोळ नावाचा. पंजीयन हिंदीत झालेले, त्यात 'नाट्य मंडल'. लेटरहेडवर 'नाट्यमंडळ'. पॅनवर रोमन लिपीत तिसरेच स्पेलिंग, बँकेत चौथे. माणसाला ते एकच वाटते, पोर्टलला चार वाटतात. पंजीयन प्रमाणपत्रातले नाव प्रमाण धरा आणि बाकी सगळे त्याला जुळवा, लेटरहेडसुद्धा. महिना जाईल, जाऊ द्या.

ज्ञापनातली उद्दिष्टे काढून वाचा. 'समाजबांधवांचे स्नेहसंमेलन' एवढेच असेल आणि नाटकाचा उल्लेख नसेल, तर दुरुस्ती करून घ्यावी लागेल. संस्था विसर्जित झाल्यास शिल्लक मालमत्ता सदस्यांत न वाटता समान उद्दिष्टाच्या संस्थेला जाईल, हे कलमही हवे. जुन्या नियमावल्यांत ते अनेकदा नसते आणि १२एबीचा अर्ज तिथेच अडतो.

३. आयकर: १२एबी, ८०जी आणि तिकिटांचा २० टक्क्यांचा प्रश्न

१२एबीमुळे संस्थेच्या उत्पन्नावर सूट मिळते, ८०जीमुळे देणगीदाराला. नव्या संस्थेला पहिली नोंदणी तात्पुरती, तीन वर्षांची मिळते. ती कायम आहे असे समजून मंडळे निवांत बसतात. काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत किंवा तात्पुरती मुदत संपायच्या सहा महिने आधी, यांतली जी तारीख आधी येईल तिच्या आत नियमित नोंदणीचा अर्ज करायचा असतो. आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. बोलताना सगळे १२ए-८०जीच म्हणतात, पण फॉर्म भरताना पोर्टलवरचा क्रमांक बघा.

आता खरी गुंतागुंत. नाट्यसंस्थेचे काम आयकराच्या भाषेत बहुधा 'सर्वसाधारण लोकोपयोगी उद्दिष्ट' या खात्यात मोडते. या खात्यातल्या संस्थेची व्यापारी स्वरूपाची मिळकत वर्षाच्या एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली, तर त्या वर्षाची सूट जाते. समजा, वर्षाची जमा ६,००,००० रुपये: अनुदान ३,५०,०००, वर्गणी ७०,०००, तिकीटविक्री १,८०,०००. मर्यादा १,२०,०००, तिकिटे ३० टक्के. खर्चाइतके किंवा त्याहून किंचित जास्त शुल्क घेतले तर त्याला व्यापार म्हणू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या निकालात म्हटले आहे. पण तुमचे तिकीट खर्चाइतकेच आहे हे दाखवायचे काम तुमचे. म्हणून प्रत्येक प्रयोगाचा जमाखर्च वेगळा मांडा. नाटक चालले आणि संस्था अडचणीत आली, असा हा विचित्र प्रकार आहे. सीएशी याबद्दल वर्षाच्या सुरुवातीला बोला, मार्चअखेर नव्हे.

८०जी असेल तर देणग्यांचे विवरण (फॉर्म १०बीडी) ३१ मेपर्यंत भरून देणगीदाराला प्रमाणपत्र द्यावे लागते. उशीर झाल्यास दिवसाला २०० रुपये. आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जीची सूट मिळत नाही, हे वर्गणीला निघालेल्या कार्यकर्त्यांना आधीच सांगून ठेवा.

४. कुणाकडे मागायचे

बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स १९९३ मध्ये स्थापन झाली आणि १९९५ पासून अनुदाने देते. देशभरातल्या व्यक्तींनाही देते आणि प्रस्ताव भारतीय भाषांत स्वीकारते, म्हणजे मराठीतही. नव्या नाटकासाठी त्यांचा कलाव्यवहाराचा (आर्ट्स प्रॅक्टिस) कार्यक्रम बघा. त्यांना तयार नाटकाला प्रायोजक व्हायचे नसते. नाटक घडवताना तुम्ही कोणता प्रश्न तपासता आहात, यात त्यांना रस असतो.

तरुण रंगकर्मींसाठी इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशन आहे. पुण्याच्या साहित्य रंगभूमी प्रतिष्ठानातर्फे विनोद दोशी यांच्या नावाने पाठ्यवृत्ती दिली जाते. दोन्हीकडे वयाची आणि राहण्याच्या ठिकाणाची अट आधी वाचा, नाहीतर मेहनत वाया जाईल. महिंद्रा समूहाचा दिल्लीतला 'मेटा' महोत्सव हे अनुदान नव्हे. तिथे तयार नाटकाचे चित्रीकरण पाठवायचे असते. तरी यादीत ठेवा, चांगले चित्रीकरण करून घ्यायला ते एक कारण होते.

सीएसआर. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी काहीही असलेल्या कंपनीला गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात. सातव्या परिशिष्टात कला आणि संस्कृती आहे. पीथमपूरची औद्योगिक वसाहत इंदूरच्या उंबरठ्यावर असल्याने सगळ्यांची नजर तिकडे जाते. पण संस्थेकडे १२ए, ८०जी, सीएसआर-१ चा (असा निधी घेणाऱ्या संस्थेच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. शिवाय परिशिष्टाचा भर वारसा आणि पारंपरिक कलांवर आहे. नवे दोन अंकी नाटक त्यात सहज बसत नाही. शाळांमधली नाट्यप्रशिक्षणाची वर्षभराची योजना बसते. एका प्रयोगाला 'सीएसआरमधून द्या' म्हणणे व्यर्थ आहे.

शहरातले कौटुंबिक न्यास आणि व्यापारी यांना मात्र विसरू नका. तिथे फॉर्म नसतो, भेट असते. दोन पानी पत्र, बजेटचे एक पान आणि ८०जीचा आदेश घेऊन जा. पहिल्या भेटीत ५०,०००च्या वर मागू नका.

परदेशातून मदत येणार असेल तर एक फरक लक्षात ठेवा. अमेरिकेत राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या भाच्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा विदेशी अंशदान ठरत नाही. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, मग भारतीय मूळ दाखवणारे ओसीआय कार्ड का असेना, तर तो ठरतो. असा पैसा घ्यायला संस्थेकडे एफसीआरए नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतले खाते लागते. 'घरचाच मुलगा आहे' हे इथे चालत नाही.

५. लेखकाशी लेखी करार

अर्जाच्या आधी. अनुदान मंजूर झाल्यावर करार मागितला की लेखकाला संशय येतो, आणि तो रास्त असतो.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखीच लागते. करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर भारत. आणि करारात वेगळे काही नसेल, तर घेतलेला हक्क एक वर्षात न वापरल्यास तो गळून पडतो. तालमी रखडणाऱ्या मंडळांनी हे शेवटचे वाक्य दोनदा वाचावे. साधा करार पुरे: किती वर्षे प्रयोगाचे हक्क, दर प्रयोगाला किती मानधन, छापील आवृत्ती आणि चित्रीकरणाचे हक्क कुणाचे, संहितेत बदल करायचा तर कुणाला विचारून.

कादंबरी किंवा कथेवरून नाटक असेल तर मूळ लेखकाची किंवा वारसांची परवानगीही हवी; लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे ती लागते. महाराष्ट्रात प्रयोग न्यायचा विचार असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रासाठी वेळ राखून ठेवा.

६. प्रस्ताव

'मराठी संस्कृतीचे जतन व संवर्धन करण्याच्या उदात्त हेतूने आमचे मंडळ गेली ४० वर्षे कार्यरत आहे.' हे वाक्य काढून टाका. त्यातून नाटकाबद्दल काही कळत नाही. त्या जागी असे काही हवे:

'इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांची देणी २०२३ पर्यंत अडकून होती. मधल्या ३२ वर्षांत रोज संध्याकाळी मिलच्या फाटकापर्यंत जाऊन येणाऱ्या एका मराठी जॉबरच्या (मुकादमाच्या) घरात हे नाटक घडते. संहितेचा पहिला खर्डा तयार आहे. कामगारांच्या कुटुंबांसमोर चार वाचने करून दुसरा खर्डा लिहायचा आहे. त्यासाठी आठ महिने हवेत.'

यात जागा, काळ, माणूस, आजवर झालेले काम आणि उरलेले काम सहा वाक्यांत आले. हेच पुढे दोन-तीन पानांत उलगडा. सोबत संहितेची आठ-दहा पाने, महिनावार वेळापत्रक, चमूतल्या प्रत्येकाबद्दल चार ओळी आणि आधीच्या कामाच्या चित्रीकरणाचा पाच-सात मिनिटांचा तुकडा.

प्रस्ताव मराठीत चालत असला तरी निवड समितीत मराठी न वाचणारे असतीलच. संहितेच्या पानांसमोर अनुवाद लावा, डावीकडे मूळ, उजवीकडे अनुवाद. पात्र 'मी येऊन राहिलो ना भाऊ' म्हणते तेव्हा अनुवादात 'मी येतोय' एवढाच अर्थ उरतो आणि इंदुरी मराठीची सगळी गंमत सपाट होते. अशा दोन-तीन ठिकाणी तळटीप द्या: हे वाक्य हिंदीच्या शेजारी दोनशे वर्षे राहिलेल्या मराठीत आहे आणि पात्र मुद्दाम तसे बोलते. हे नाटक इंदूरलाच का व्हावे, याचे ते चांगले उत्तर आहे.

७. बजेट

बजेट हा प्रस्तावाचा सगळ्यात जास्त वाचला जाणारा भाग. आकडे खाली दिले आहेत ते फक्त मांडणी दाखवायला; दर तुमच्या शहराचे, कोटेशन घेऊन टाका.

लेखक ६०,०००; दिग्दर्शक ५०,०००; नट ६ × १५,००० = ९०,०००; तालमीची जागा ६० दिवस × ५०० = ३०,०००; नेपथ्य ५५,०००; प्रकाशयोजना ३ प्रयोग × १२,००० = ३६,०००; संगीत व ध्वनी ३०,०००; वेशभूषा-रंगभूषा २५,०००; नाट्यगृह ३ × २०,००० = ६०,०००; तालमीचा चहा-नाश्ता ६० दिवस × ८ माणसे × ३० = १४,४००; चित्रीकरण २०,०००; ऑडिट १०,०००. बेरीज ४,८०,४००. आकस्मिक ५ टक्के, २४,०२०. एकूण ५,०४,४२०.

चहाची ओळ बघा. तीच '१५,००० किरकोळ' अशी लिहिली असती तर पहिली काट तिच्यावर पडली असती. दिवस, माणसे आणि दर दिसले की कुणी काही म्हणत नाही.

मानधन शून्य दाखवू नका. 'आमचे कलाकार सेवाभावी आहेत' याचा देणाऱ्याच्या टेबलावर अर्थ होतो: तालमीला कुणी येईल याची खात्री नाही. मंडळाचा स्वतःचा वाटा, म्हणजे फुकट मिळालेली तालमीची जागा किंवा जुन्या लेव्हल्स (मंचावरचे चौथरे), वेगळ्या रकान्यात किंमत लावून दाखवा.

आणि तो नाजूक मुद्दा. आपल्याकडे दिग्दर्शकच संस्थेचा सचिव असतो आणि नायिका त्याची बायको. पदाधिकाऱ्यांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना अवाजवी मानधन दिले तर आयकराची सूट धोक्यात येते. मानधन देऊ नये असे नाही. रक्कम बाजारभावाला धरून हवी, आणि ती ठरवणाऱ्या बैठकीत तो सचिव मतदानात नव्हता हे इतिवृत्तात यायला हवे.

नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही. दर ठरवताना तेवढे ध्यानात असू द्या.

८. आभाराची पाटी की जाहिरात

मदत करणाऱ्याचे नाव पडद्याआधी घेतले, पत्रिकेत 'यांच्या सहकार्याने' छापले, तर ती कृतज्ञता. त्याच्या दुकानाचा पत्ता, फोन, 'सर्व प्रकारचे फर्निचर मिळेल' हेही छापले की ती जाहिरात झाली आणि मिळालेला पैसा देणगी राहत नाही. जीएसटीच्या २०१९ च्या परिपत्रकात हाच फरक सांगितला आहे. सीएसआरच्या पैशात तर कंपनीच्या मालाची जाहिरात चालतच नाही. उत्साहाच्या भरात मोठा बॅनर लावून देणाऱ्यालाच अडचणीत आणू नका.

९. पैसा आल्यावर

करारपत्र वाचूनच सही करा. हप्ते किती, दुसरा हप्ता कोणत्या अहवालानंतर, एका खर्चशीर्षातून दुसऱ्यात किती टक्के वळवता येतात, या तीन ओळींखाली पेन्सिलने रेघ मारा. पहिल्या हप्त्यात सगळे नेपथ्य उभे करून ठेवले आणि दुसऱ्याला तीन महिने लागले, तर नटांचे मानधन अडते.

हप्ता फेब्रुवारी-मार्चमध्ये आला तर सीएला लगेच कळवा. १२एबी संस्थेने वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के त्याच वर्षी वापरायचे असतात. खर्च पुढच्या वर्षी होणार असेल तर तशी नोंद मुदतीत द्यावी लागते.

पावत्या. प्लायवूडचे बिल मिळते. सुताराचे, टेम्पोचे, चहावाल्याचे मिळत नाही. त्यासाठी छापील व्हाउचरचे पुस्तक तालमीच्या पेटीतच ठेवा: तारीख, नाव, कामाचे वर्णन, रक्कम, सही. ५,०००च्या वरच्या रोख पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प. एका माणसाला एका दिवसात १०,०००च्या वर रोख देऊ नका, तो खर्च आयकरात धरला जात नाही. व्हाउचर त्याच संध्याकाळी भरा. प्रयोगानंतर आठवडाभराने सुताराला शोधत फिरणे आणि मागच्या तारखेची सही घेणे, हे ऑडिटरला कागदाकडे बघूनच कळते: साठ व्हाउचर, एकच पेन, एकच हस्ताक्षर.

लेखक, दिग्दर्शक, प्रकाशयोजनाकार यांच्या मानधनावर टीडीएस लागतो का, हे रक्कम देण्याआधी विचारा आणि त्यांनाही आधी सांगा. हातात कमी रक्कम पडली की मैत्रीत वितुष्ट येते.

तारीख पुढे जाणार असेल, नट बदलला असेल, संहितेचा शेवट बदलला असेल, तर मुदत संपायच्या आधी पत्र पाठवा. नाटकात असे होते हे देणाऱ्यांना ठाऊक असते. अहवाल आल्यावर ते कळले की मात्र त्यांना खटकते.

शेवटच्या अहवालासोबत संहितेची अंतिम प्रत, चित्रीकरण, छायाचित्रे, खर्चाचे प्रमाणपत्र आणि प्रेक्षकसंख्या द्या; संख्या तिकिटांच्या अर्धुकांवरून, अंदाजाने नव्हे. शिल्लक राहिली असेल, ३,२०० रुपये का असेनात, ती परत करायची की पुढच्या प्रयोगाला वापरायची हे पत्राने विचारा, आणि उत्तर येईपर्यंत त्या खात्याला हात लावू नका.